दुष्काळातून पेटलेली लढाई लिहितेय: भुकेलं राज्य खरंच लढू शकतं का?

पवनीची_लेक
नमस्कार मंडळी. गेले आठ महिने एक दीर्घकथा लिहितेय आणि सातव्या प्रकरणावर गाडी अडली आहे. तुमच्यात इतिहासवाले आहेत, शेतकरी आहेत, डॉक्टर आहेत, म्हणून इथे विचारते.

दोन काल्पनिक राज्यं, एकाच नदीवरची. वरच्या अंगाला उंबरगड: डोंगर, ज्वारी, गुरं, घोडे. खालच्या अंगाला साळदेश: धानाच्या बांध्या आणि गावोगाव तलाव. साळदेश लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे भंडारा-गोंदिया असतो, कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव असतात. काळ तोफा आणि भाले दोन्ही चालतात तेव्हाचा. रेल्वे नाही. सलग दोन पावसाळे कोरडे जातात. उंबरगडात आधी गुरं मरतात, मग माणसं. तिसऱ्या वर्षी राजा सगळा मुलूख घेऊन खाली उतरतो आणि सातघाटावर लढाई होते. पहिल्या खर्ड्यात मी उपाशी उंबरगडकरांना जिंकवलं आहे, कारण मागे फिरलं तरी त्यांना मरणच होतं.

बहिणीने वाचलं आणि एकच विचारलं, "इतके महिने अन्न नाही मिळालं तर माणूस भाला उचलेल तरी का गं?" त्यावर मला आजीचं बोलणं आठवलं. 1900 च्या दुष्काळाचं तिच्या आईकडून ऐकलेलं ती सांगायची. मोहफुलं उकडून दिवस काढले होते. आजी म्हणायची, त्या वर्षी गावात भांडणंसुद्धा झाली नाहीत, आवाज चढवण्याइतका जीव कोणाच्या अंगात नव्हता.

तेव्हापासून ते प्रकरण उघडलेलं नाही. उपाशी लोक लढू शकतात का? शकत असतील तर कुठवर? आणि लढाई कोणत्या महिन्यात ठेवू?

झिरोमाईल
लढतात ना! भुकेला वाघ जास्त धोकादायक असतो. तुमचा पहिला खर्डाच बरोबर आहे ताई, बदलू नका.

हिशेबनीस
वाघाला रसद लागत नाही हो, फौजेला लागते. मी आयुष्यभर गोदामाचे हिशेब केले, तेवढेच इथे मांडतो.

उंबरगडची फौज 20,000 माणसांची धरू. चालणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या माणसाला रोज पाऊण किलो धान्य लागतं, म्हणजे दिवसाला 150 क्विंटल. घोडे 5,000 धरू. घोड्याला नुसत्या गवतावर पळवता येत नाही, चार किलो दाणा हवाच. ते झाले 200 क्विंटल. इथेच बघा, माणसांपेक्षा घोडे जास्त खातात. एकूण रोज 350 क्विंटल. लादणीचा बैल साधारण क्विंटलभर उचलतो, तेव्हा रोजचे 350 बैल. उंबरगड ते सातघाट दहा दिवसांची वाट असेल तर 3,500 बैल, तेही फक्त जायचे.

खरी गोम पुढे आहे. चांगल्या वर्षी बैल वाटेवर चरतो, त्याचा खर्च नसतो. बंजाऱ्यांचे तांडे मोगल आणि मराठा फौजांना धान्य पुरवत ते याच जोरावर. दुष्काळात वाटेवर काडी नाही, म्हणजे बैलाचा कडबाही बैलाच्याच पाठीवर. एका बैलाला रोज पाच-सहा किलो. दहा दिवसांत तो आपल्या लादणीच्या निम्म्याहून जास्त स्वतःच खाऊन टाकतो.

ताई, तुमचा राजा तिसऱ्या वर्षी उतरूच शकत नाही. त्याला पहिल्या वर्षी उतरावं लागेल, पेवांत, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, धान्य आणि गोठ्यात बैल असताना.

झिरोमाईल
मान्य. वाघ मागे घेतो.

वॉर्ड_नंबर_नऊ
मी डॉक्टर आहे. बहिणीचा प्रश्न अचूक आहे.

1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात भुकेवर एक प्रयोग झाला. 36 तरुण, धडधाकट, स्वेच्छेने आलेले. त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं. ताकद गेली, थंडी वाजू लागली, पण मनाचं जे झालं ते तुमच्या कथेसाठी जास्त मोलाचं आहे. ती माणसं दिवसरात्र फक्त अन्नाचा विचार करायची. पाककृतींची पुस्तकं गोळा करायची, ताटातला घास तासभर पुरवायची. चिडचिड वाढली, पण उठून काही करायची इच्छा संपली. ही सगळी मुलं युद्धावर जायला नकार दिलेली होती, शस्त्र धरण्याऐवजी त्यांनी हे पत्करलं होतं.

तेव्हा तुमच्या आजीने सांगितलं तेच वैद्यकशास्त्र सांगतं. महिनोन्महिने उपाशी माणूस चवताळत नाही, विझतो. चवताळतो तो नुकता उपाशी पडू लागलेला, किंवा शेजारच्या घरात उपास बघून उद्या आपली पाळी हे ज्याला कळलंय तो.

बखरवाला
"उद्या आपली पाळी" हे फार नेमकं. इतिहासात असंच दिसतं.

तुमच्या कथेच्या सर्वांत जवळचं उदाहरण 1627 चं. मांचूंच्या राज्यात, ल्याओतुंग भागात धान्याचा दुष्काळ, चीनच्या मिंग राज्याशी व्यापार बंद. त्यांनी ऐन हिवाळ्यात यालू नदी ओलांडून शेजारच्या कोरियावर स्वारी केली. इतर कारणं होतीच, पण तहात त्यांनी काय मागितलं? खंडणी आणि सीमेवर बाजार उघडणं. भूक भागवायला आलेला राजा किल्ल्यापेक्षा बाजार मागतो, हे लक्षात ठेवा.

उलट 1315 मध्ये एडवर्ड ब्रूस स्कॉटलंडची फौज घेऊन आयर्लंडमध्ये उतरला. त्याच वर्षापासून उत्तर युरोपात पाऊस थांबेना, पिकं कुजली. (दुष्काळ ओलाही असतो, तुमच्या साळदेशासाठी विचार करून ठेवा.) ज्या मुलखावर जगायचं तोच मुलूख उपाशी. ती फौज भुकेनं खंगली आणि 1318 मध्ये ब्रूस मारला गेला.

आणि आपलं पानिपत. अब्दालीने रसद तोडली, गोविंदपंत बुंदेले पडले, छावणीत माणसं-जनावरं उपासानं मरू लागली. 14 जानेवारी 1761 ला भाऊसाहेब बाहेर पडले ते आणखी थांबलं तर लढायलाही कोणी उरणार नाही म्हणून. त्या दिवशी उपाशी माणसं दुपारपर्यंत काय लढली हे सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर, तुमच्या म्हणण्यात एवढी भर घाला: विझलेला माणूस एक दिवस पेटू शकतो. दुसरा दिवस मात्र त्याच्याकडे नसतो.

वॉर्ड_नंबर_नऊ
घातली. एक दिवस, हो.

कन्हानकाठ
मी कास्तकार मानूस, मले राजे समजत नाही, ज्वारी समजते. तुमच्या उंबरगडात ज्वारी हाय म्हनता. पान्याचा तान बसलेली कोवळी ज्वारी बैलाले चारली का बैल पडते. पोंग्यात इख असते. घंटाभरात फुगून, पाय झाडून जाते. आमच्या गावात एका दिवशी तीन बैल गेले होते, मी लहान होतो, अजून आठोते.

आता तुम्ही अशी फौज पाठवली का जिले वाटेत चारा नाही. अन् वाटेत कोनाच्या वावरात वीतभर हिरवी ज्वारी उभी हाय. गडी बैल सोडनारच ना बापा. सकाळी पाह्यलं तर तोफा वढनारे बैलच नाहीत. तोफा तिथंच.

पवनीची_लेक
कन्हानकाठ भाऊ, अंगावर काटा आला. हे मी घेतलंच म्हणून समजा. तोफा न पोचण्याचं कारण मला चार दिवस सापडत नव्हतं.

सावजी_तिखट
विषय खाण्याचाच आहे म्हणून विचारतो. साळदेशात धान कापल्यावर बांधीत लाखोळी असेलच? आमच्याकडे लाखोळीच्या डाळीचे वडे आणि कोवळ्या पाल्याची भाजी. हिवाळ्यात याहून चांगलं काही नाही.

इतवारी_पेठ
पाल्याच्या भाजीत लसूण भरपूर. आणि भाकर ज्वारीचीच.

गोरेवाडा
तांदळाच्या पिठाचीपण छान लागते.

वॉर्ड_नंबर_नऊ
भाजीवाल्यांनो, लाखोळी आणलीत ते बरं केलंत. उभ्या धानातच ती पेरतात, ओलाव्याच्या आधारावर येते आणि पाणी नसलं तरी तग धरते. त्यामुळे दुष्काळात बाकी सगळं जळतं आणि लाखोळी उरते. इतर धान्यासोबत थोडी खाल्ली तर काही होत नाही. दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली की तिच्यातल्या विषाने पाय लुळे पडतात, आणि ते परत येत नाहीत. तरुण पुरुषांना जास्त होतं, म्हणजे ज्यांना फौजेत भरती करणार त्यांनाच. इंग्रज अधिकारी स्लीमन याने 1830 च्या दशकात मध्य प्रदेशातल्या सागरकडे हे पाहून लिहून ठेवलं आहे. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर विष कमी होतं, पण दुष्काळात ते पाणी कुठून आणणार?

पवनीची_लेक, तुमच्या कथेत राजाचा हुकूम निघतो, गावातून पोरं बोलावतात, आणि पोरं काठी टेकत येतात. असा एक प्रसंग असू द्या.

इतवारी_पेठ
आता लाखोळीची भाजी हातात घेताना हा प्रसंग आठवणार.

पाचपावली_पूल
मला सगळ्यांशीच थोडं भांडायचं आहे. तुम्ही सगळे "उंबरगड उपाशी" असं म्हणताय. उंबरगड कधीच उपाशी नसतो. उंबरगडातले काही जण उपाशी असतात.

1943 च्या बंगालमध्ये अंदाजे 20 ते 30 लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की धान्य अगदीच नव्हतं असं नाही, शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात ते विकत घ्यायची ऐपत राहिली नव्हती. युद्धामुळे भाव चढले, ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने नावा काढून घेतल्या. कोळ्याची नाव गेली की त्याचा भात गेला. आपल्याकडे 1877 मध्ये दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला जेमतेम 450 ग्रॅम धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरवली, आणि मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला. त्याच काळात हिंदुस्थानातून धान्य बोटीनं बाहेर जात होतं.

म्हणून माझा प्रश्न सरळ आहे. उंबरगडच्या राजाच्या कोठारात काय आहे? सावकारांच्या पेवांत काय आहे? ती पेवं फोडायला लोक आधी स्वतःच्याच राजधानीकडे का निघत नाहीत? माझं उत्तर: निघणार होते, म्हणूनच राजानं त्यांना साळदेशाची वाट दाखवली.

हिशेबनीस
हिशेबही याच बाजूनं लागतो. 20,000 जणांना वाटेत खायला घालण्याइतकं धान्य ज्याच्याकडे आहे, त्याच्या राज्यात त्या वर्षी तेवढे लोक तरी जगले असते. 350 क्विंटल रोज. अर्धा किलो माणशी धरलं तर 70,000 माणसांचं रोजचं जेवण.

पवनीची_लेक
70,000.

हा आकडा मी एका पात्राच्या तोंडी घालणार आहे. कोठारावरच्या कारकुनाच्या. आतापर्यंत तो फक्त दोन ओळींत होता.

बखरवाला
पाचपावली, एवढं एकतर्फी करू नका. लढाईतूनही दुष्काळ होतो, ही दुसरी बाजू आहे. 1803-04 मध्ये होळकरांच्या फौजा आणि पेंढारी पुणे-अहमदनगरकडे फिरले, पिकं आणि चारा गेला, आणि दुष्काळ पडला. 1630 मध्ये पाऊस गेला तेव्हा शहाजहान दख्खनच्या स्वारीसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. आभाळानं जे मारलं त्यावर छावणीचा भार. कुठून सुरुवात झाली हे दर वेळी वेगळं करता येत नाही.

पाचपावली_पूल
वेगळं करता येत नाही हे मान्य. पण कथेत कोणाला तरी ते करून बघावं लागेल.

धंतोलीचा_दादा
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. मी बंगाली, तिसऱ्या पिढीचा नागपूरकर. आजोबा रेल्वेत होते.

लहानपणी आजी झोपवताना एक पाळणा म्हणायची. सगळ्या बंगाल्यांना तो येतो. मूल झोपलं, पाडा शांत झाला, देशात बर्गी आले, पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून देऊ, असा त्याचा भाव. सीताबर्डीच्या शाळेत जाऊ लागलो तेव्हा कळलं, ते बर्गी म्हणजे इथलेच. रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. 1742 ला भास्करपंत गेले, पुढची नऊ-दहा वर्षं हे चाललं आणि 1751 मध्ये वर्षाला 12 लाख रुपये चौथाई ठरली. नागपूरच्या ज्या महाल भागात भोसल्यांचा वाडा आहे तिथल्या मित्राच्या घरी मी जेवायचो आणि रात्री आजीकडून बर्ग्यांची भीती ऐकायचो. दोन्ही घरं माझीच.

ताई, तुम्ही उंबरगडच्या भुकेबद्दल खूप विचार केलाय. साळदेशातल्या बाईनं घोड्यांच्या टापा ऐकल्यावर काय केलं? तिच्याही बांधीत दोन वर्षं पाऊस नव्हता ना? नदी तर एकच आहे. तिच्याकडचं धान हे तिचं बियाणं असेल. ते लपवायला तिनं आधी काय उचललं, मूल की पोतं, ते लिहा. त्या पाळण्यात लढाई कुठेच नाही. धान आहे, सारा आहे, मूल आहे. अडीचशेहून जास्त वर्षं तेवढंच टिकलंय.

पवनीची_लेक
दादा, काल रात्री हे वाचून मी लिहायचं थांबवलं. माझा साळदेश नुसता भरलेल्या कोठाराचा देश होता. त्यात एकही बाई नव्हती, हे आत्ता लक्षात येतंय. मीच धानाच्या गावची, आणि मीच हे विसरले.

गोरेवाडा
नदी एकच, यावरून. 2019 चा उन्हाळा आठवा. वर चौराई धरणात पाणी अडलं, इकडे तोतलाडोह तळाला गेलं, पाऊस लांबला आणि जुलैत नागपुरात पाणी एक दिवसाआड झालं. आमच्या गल्लीत टँकर आला की वीस वर्षांचे शेजारी एकमेकांच्या बादल्या लाथाडत. ते कोणी तहानलेले नव्हते. घरात दोन दिवसांचं पाणी होतं. चौथ्या दिवसाची भीती होती.

लढाईच्या आधी असं एक प्रकरण येऊ द्या. उंबरगडनं वर बांध घातलाय अशी नुसती अफवा.

झिरोमाईल
महिन्याचा प्रश्न राहिलाच! माझ्या मते दसरा. सीमोल्लंघन.

बखरवाला
रूढीनं दसराच. पावसाळा संपतो, नद्या उतरतात, चारा असतो. सीताबर्डीची लढाईही 26-27 नोव्हेंबर 1817 ची. पण दुष्काळी वर्षात चाऱ्याचं कारण उरत नाही.

कन्हानकाठ
दसऱ्याले धान उभा रायते, हिरवा-पिवळा. तो लुटून काय करनार, घोडे चारनार? कापनी दिवाळीच्या मागंपुढं. मंग भारे, खळं, मळनी. धान खळ्यावर आला अन् अजून पेवात गेला नाही, ते पंधरा-वीस दिवस धोक्याचे. लुटनारा तेव्हाच येते. कार्तिक संपता संपता.

हिशेबनीस
बरोबर. म्हणजे साळदेशाला तारीख ठाऊक असणार. ते मळणी रात्रीची करतील.

कन्हानकाठ
अन् अजून एक. कोरडी पडलेली बांधी घोड्याले वैरी. चिखल वाळला का हातभर भेगा. घोड्याचा पाय गेला तर मोडलाच. सातघाटाच्या अल्याड अशा बांध्या ठेवा.

पेवाचंबी सांगतो. बंद पेव उघडलं का लगेच उतरू नये. आतली हवा मारते. कंदील सोडून पाहाव, इझला तर थांबाव. उपाशी गडी थांबनार नाही, एकामागं एक उतरन अन् वर कोनी येनार नाही.

वॉर्ड_नंबर_नऊ
जे वाचतील त्यांच्यासाठी माझं शेवटचं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर वाढलं तर तो त्या जेवणानं मरू शकतो. रक्तातले क्षार कोसळतात, हृदय थांबतं. आधी पेज, तीही थोडी थोडी, काही दिवस.

आणि हजारो माणसं एका घाटाचं पाणी पितात तिथे पटकी येतेच. सीताबर्डीच्याच महिन्यात, नोव्हेंबर 1817 मध्ये, पेंढाऱ्यांवर निघालेल्या हेस्टिंग्जच्या फौजेत बुंदेलखंडात पटकीनं हाहाकार केला होता. सातघाटावर जिंकणारा पुढच्या आठवड्यात मोजा.

झिरोमाईल
मग मूळ प्रश्नाचं काय ठरलं? जिंकतो कोण?

पवनीची_लेक
आठवडाभर लिहून आज आले. असं झालंय.

राजा पहिल्याच वर्षी उतरतो. मळणीचे दिवस. कारकून 70,000 चा आकडा सांगतो म्हणून त्याला कोठारातून काढून फौजेत टाकतात. काठी टेकत आलेली पोरं परत पाठवतात, ती घरी पोचत नाहीत. तोफा वाटेत ज्वारीच्या वावराजवळ राहतात. सातघाटावर उंबरगडकर एक दिवस लढतात, बखरवाले म्हणतात तसे, आणि संध्याकाळी घाट त्यांच्याकडे असतो. पेवाशी अकरा जण जातात. साळदेशातल्या बाईनं मूल पाठीशी बांधलंय आणि बियाण्याचं पोतं तलावाच्या पाळीत पुरलंय, दोन्ही उचलणं जमत नव्हतं म्हणून.

शेवटच्या पानावर तो कारकून, लढाई संपल्यावर वाट चुकून, त्या पाळीवर तिच्यासमोर येऊन बसतो. उभं राहवत नाही त्याला. ती चुलीवरची पेज वाटीत ओतते. अर्धीच वाटी भरते. इथे ती एक वाक्य बोलणार आहे आणि मला ते सापडत नाहीये. शत्रूच्या माणसाला ती काय म्हणून हाक मारेल?

बखरवाला
परका आहे. "पाहुणे" म्हणेल.

धंतोलीचा_दादा
वय काय त्याचं?

पवनीची_लेक
बावीस-तेवीस. ती पन्नाशीची.

कन्हानकाठ
मंग "बाबू" म्हनन. आमच्या इकडं कोनाचंबी पोट्टं असलं तरी बाबूच. "बाबू, घोट घोट पे. अजून देतो."

पवनीची_लेक
लिहिलं.